चार फुल्या

१

एकतीस वर्षं मी लिमोजच्या एका विमा कंपनीत गाड्यांच्या अपघातांचे दावे तपासले. त्या एकतीस वर्षांत एकच गोष्ट लोकांना कानीकपाळी ओरडून सांगितली. भाड्याची गाडी घ्याल तेव्हा आधी तिच्याभोवती फेरी मारा, मग सही करा. आणि माझ्यावर वेळ आली तेव्हा मी काय केलं? आधी सही केली. हे लिहायला मला फार वेळ लागतोय, पण त्या सहीचा राग काही जात नाही.

ऑगस्टमधला शनिवार होता. माझा मोठा भाऊ एर्वे आणि मी त्याच्या मुलीच्या लग्नाला निघालो होतो. आमची रेल्वे ब्रीव्हला येऊन थांबली ती थांबलीच. संप होता. फलाटावर लोक बॅगांवर बसून एकमेकांना सरकारबद्दल सांगत होते. एर्वे छपरं घालणारा, सहासष्ट वर्षांचा, आता घरी बसून असतो.  तो मांडीवर लग्नात वाटायच्या साखरेच्या बदामांचा निळा डबा घेऊन नुसता घड्याळाकडे बघत होता.

त्याचं कारण मला माहीत होतं. चार वर्षांपूर्वी तो स्वतःच्या बायकोच्या अंत्यविधीला दीड तास उशिरा पोचला होता. कुठल्याशा गिऱ्हाईकाचं छप्पर गळत होतं म्हणे. त्या दिवसापासून मायलिस, त्याची ही मुलगी, त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. आता तिची लग्नपत्रिका आली होती, वेळ दुपारी तीनची, आणि तळाशी तिने हाताने लिहिलं होतं: 'बाबा, तीन म्हणजे तीन.'

स्टेशनासमोर गाड्या भाड्याने देणाऱ्याचं दुकान होतं. आम्ही आत शिरलो तेव्हा बाराला पाच कमी होते. काउंटरमागच्या गृहस्थाच्या शर्टावर 'फाब्रेग' अशी पट्टी होती आणि त्याने एका हाताने दिवे मालवायला सुरुवातही केली होती.

"एकच उरलीय, मादाम. छोटी मालाची व्हॅन. पुढे दोन सीट, मागे खोका."

"आम्ही लग्नाला चाललोय, फ्रीज पोचवायला नाही."

"फ्रीजला निदान घाई नसते," तो म्हणाला. "हे बघा, कोपऱ्यावरच्या खानावळीत शनिवारी वासराच्या डोक्याचा रस्सा असतो आणि तो साडेबाराला संपतो. घेताय की नाही?"

एर्वे म्हणाला, "घेतोय." चालक म्हणून दोघांची नावं लिहिली गेली. मग फाब्रेगने गाडीच्या अवस्थेचा कागद पुढे सरकवला. खाली कार्बन, त्याखाली आमची प्रत. मी सही केली. किल्ली हातात पडली आणि आम्ही बाहेर होतो.

व्हॅन पांढरी आणि स्वच्छ होती. मी सवयीने तिच्याभोवती फिरले आणि मग आमची प्रत उघडली. गाडीचा वरून काढलेला आराखडा, त्यावर चार फुल्या. डाव्या बाजूला मागे, लांब. उजव्या आरशावर. पुढच्या डाव्या दिव्यावर. चौथी उजव्या, म्हणजे चालकाशेजारच्या दारावर, इतकी दाबून की कागद फाटायचा राहिला होता. शेऱ्यात लिहिलं होतं: 'उजवी सीट, डाग.'

व्हॅनवर मात्र एक ओरखडा नव्हता. सीट नवी कोरी.

मी परत गेले. शटर अर्ध्यावर आलं होतं आणि खालून फाब्रेगचे फक्त बूट दिसत होते. मी बुटांना म्हणाले, "अहो, तुमच्या कागदावर चार ठिकाणी नुकसान लिहिलंय आणि गाडी धड आहे."

"मग बरंच आहे की," बूट म्हणाले. "कुठे घासलीत तरी कोणी विचारणार नाही. जेवण गार होतंय, मादाम."

शटर खाली आलं.

२

कागदावर दोन रकाने असतात. एक गाडी नेताना भरायचा, दुसरा परत देताना. नेतानाचे किलोमीटर ४१,१८८ लिहिले होते, ते बरोबर होते. परतीच्या रकान्यातही आकडा होता, ४१,३०६. आणि खाली सही.

सही माझीच होती, पण वाकडी. पहिलं अक्षर भलंमोठं आणि बाकीची उताराला लागल्यासारखी खाली घसरलेली. कार्बन सरकला असणार, असं मी स्वतःला सांगितलं. कार्बन सरकला तर सहीची जागा बदलते, आकार बदलत नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं. पण फाब्रेग घाईत होता, आम्ही घाईत होतो, आणि घाईतल्या कागदावर काहीही होतं. शिवाय आकड्यांतला फरक एकशे अठराचा. मायलिसचं गाव तिथून एकशे चार किलोमीटरवर, आणि परत येताना तेवढेच पुन्हा. एकशे अठराचा हिशेब कशातच बसत नव्हता. कुणा दुसऱ्याच्या प्रवासाचा आकडा चुकून इथे पडला असेल.

वाहनतळातून बाहेर पडताना अडसराजवळ लोखंडी खांब होता. मी तो पाहिला होता. शपथेवर सांगते, मी वळण नीट घेतलं होतं. तरी डाव्या बाजूने तो आवाज आला, पत्रा सोलल्याचा, आणि तो थांबेचना.

"वा," एर्वे म्हणाला. "पन्नास मीटर झाले नाहीत."

"तू गप्प बस."

उतरून पाहिलं. डाव्या बाजूला मागे लांब ओरखडा. कागदावरच्या फुलीच्या जागी बरोबर.

एर्वे हसला. "फाब्रेग बोललाच होता ना, फुकट आहे म्हणून. एक वसूल झाला."

मीही हसले. त्या क्षणी ते खरंच विनोदी वाटलं होतं.

३

मोठ्या रस्त्यावर अख्खा देश सुट्टीला निघालेला. अर्ध्या तासात आम्ही चार किलोमीटर सरकलो. व्हॅनची थंड हवा फक्त पायांवर यायची आणि डोकं शिजायचं. एर्वे दर दोन मिनिटांनी वेळ सांगत होता, जणू माझ्याकडे घड्याळच नाही. शेवटी मी आतला रस्ता धरला.

आतल्या रस्त्यावर दोन्हीकडे दगडी कठडे. समोरून झोपायच्या सोयीची एक अवाढव्य गाडी आली, चालवणारा डच, अंगात बनियन. मी उजवीकडे इतकी चिकटले की कठड्यावरचं शेवाळ एर्वेच्या हाताला लागलं असतं. तो आरामात निघून गेला. आमचा उजवा आरसा कठड्यावरच्या एका बाहेर आलेल्या दगडाला लागला आणि तारेला लोंबायला लागला.

मी गाडी बाजूला घेतली आणि कागद काढला.

"आता ते कशाला?" एर्वे म्हणाला. "एक वाजत आला."

 मनात आकडेमोड चालू होती. भाड्याच्या गाड्यांचे हजारो दावे माझ्या हाताखालून गेलेत. सगळ्यात जास्त कशाचे? बाजूच्या ओरखड्यांचे. मग आरशांचे. मग दिव्यांचे. कोणीही आंधळेपणाने आराखड्यावर फुल्या मारल्या तरी तिथेच पडतील. यात नवल काहीच नव्हतं. मी कागदाची घडी घातली आणि गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली.

दहा किलोमीटरवर पिवळी पाटी आडवी आली. रस्ता बंद. बाण डावीकडे वळवत होता.

"वळसा केवढा?" एर्वेने विचारलं.

मी फोनवर पाहिलं. वीस किलोमीटर जास्त. म्हणजे मायलिसच्या गावापर्यंत एकशे चारऐवजी एकशे चोवीस. आता एकशे अठरा हा आकडा वाटेतच कुठे तरी बसत होता. गावाच्या जरा अलीकडे.

४

एर्वेला पाणी हवं होतं म्हणून एका गावच्या चौकात थांबलो. चौक रिकामा होता. बेकरी बंद, खिडक्यांची दारं ओढलेली. शनिवारी दुपारी जेवणाच्या वेळी कोणी बाहेर नसतं, त्यात वावगं काही नाही. बंद खिडक्यांमागून जेवणाचे आवाज येत होते, काटे-सुऱ्या, बशा, कोणी तरी खुर्ची मागे सरकवल्याचा. मी हातब्रेक ओढला, किल्ली काढली, नळावर गेले.

मी बाटली भरत होते तेव्हा ते आवाज थांबले. एकदम. सगळ्या घरांतले. नळाचं पाणी तेवढं वाजत राहिलं.

मग काच फुटल्याचा आवाज आला.

व्हॅन जिथे उभी केली होती तिथेच होती. आत एर्वे बसला होता, पण बाहेर तिच्याजवळ कोणी नव्हतं, दगड नव्हता, पक्षी नव्हता. पुढचा डावा दिवा फुटला होता. मी गुडघ्यावर बसून पाहिलं. एकतीस वर्षं हेच पाहिलंय. ठोकर बसली की काच आत जाते, काही बाहेर सांडते. इथे जमिनीवर एक तुकडाही नव्हता. काचा साऱ्या दिव्याच्या आत होत्या आणि त्यांच्यावर धूळ बसलेली होती.

खिडक्यांमागे काटे-सुऱ्या पुन्हा वाजायला लागल्या. मला तेव्हा खरी भीती वाटली. आतापर्यंत चिडचिड होती, आता भीती.

"एर्वे," मी म्हणाले, "उतर. खाली उतर त्या सीटवरून."

५

मी त्याला सगळं सांगितलं. कागद दाखवला. चार फुल्या, त्यातल्या तीन पूर्ण झालेल्या. चौथी उजव्या दारावर, जिथे तो बसला होता. सीटवरचा डाग. किलोमीटर.

त्याने कागद लांब धरून वाचला, त्याचा चष्मा सुटाच्या खिशात होता. "ओदील," तो म्हणाला, "आयुष्यभर तू लोकांचे ठोकलेले डबे मोजलेस. आता तुला झोपेतही तेच दिसतंय."

"दिवा कोणी फोडला मग?"

"उन्हाने फुटला. स्वस्तातला माल आहे."

"आपण टॅक्सी करू."

"कर ना. कर." त्याने हाताने चौक दाखवला. "कुठेय टॅक्सी?"

मी दोन दारं वाजवली. एका बाईने तोंडातला घास न संपवता सांगितलं, की टॅक्सी रुमेगू चालवतो आणि रुमेगू आज त्याच्याच मेव्हण्याकडे जेवायला गेलाय, संध्याकाळी या. मागे खोक्यात बसावं, असंसुद्धा मनात आलं, पण तिथे ना सीट, ना पट्टा, आणि दार आतून उघडत नाही.

"मग तू एकटा जा," मी म्हणाले. "तू चालव. तुझ्या शेजारची, म्हणजे ती सीट, रिकामी राहू दे. मी इथे थांबते."

एर्वे नळाच्या पायरीवर बसला. त्याने डबा बाजूला ठेवला. छपरांवर वावरलेला माणूस तो, त्याला घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"एकटा मी मायलिसच्या दारातून आत जाऊ शकत नाही," तो म्हणाला. "ती बघेल माझ्याकडे. तू असशील तर ती तुझ्याकडे बघेल आणि मग माझ्याकडे. तू नसशील तर मी पाऊलच टाकणार नाही, ओदील. इथेच बसतो."

मला त्याचा असा संताप आला. चार वर्षं मी दोघांमध्ये निरोप नेत होते, आणि आता इथेही माझ्यावाचून त्याचं पान हलत नव्हतं. दोन वाजून दहा झाले होते. तो उशिरा पोचला तर मायलिस त्याला मेल्यावरही माफ करणार नाही. आणि तो त्या सीटवर बसला तर, मला पुढचा विचार करवला नाही.

मी किल्ली त्याच्या हातात दिली.

"चालव तू. मी तिकडे बसते."

"तुझ्या त्या शापित सीटवर?"

"मला उन्हाचा त्रास होतोय. चालव म्हटलं ना."

६

डबा माझ्या मांडीवर आला आणि त्यावर मी तो कागद धरला. मी पाय वर ओढून दारापासून जितकं लांब सरकता येईल तितकी सरकले. एर्वे चांगली चालवत होता. बारीक आवाजात शीळ घालत होता, आणि तेच मला सहन होत नव्हतं.

४१,२९०. ४१,३००. मी आकडा बघायचा नाही असं ठरवायचे आणि बघायचे. आकडा टळून जाईल, असं मी मनाशी म्हणत होते. एकशे एकोणीस लागला की मी स्वतःच या कागदाचे तुकडे करीन, एर्वे मला वर्षभर चिडवेल, आणि त्याला चिडवू देईन.

४१,३०५ ला एक गाव लागलं. गल्ल्या अरुंद, पट्टे नाहीत, पाट्या नाहीत. अशा गावात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हे इथे पाळण्यातली पोरंही जाणतात.

"उजवीकडे बघ," मी म्हणाले.

"बघतोय."

"गाडी थांबव, एर्वे."

"कशाला? कोणी नाही उजवीकडे."

मी उजवीकडे पाहिलं. दोन भिंतींमधल्या गल्लीतून एक पांढरी व्हॅन येत होती, सावकाश, आवाज न करता. तिचा डावा दिवा फुटलेला होता. उजवा आरसा तारेला लोंबत होता. काचेमागे दोन माणसं होती. चालवणाऱ्याचं तोंड उन्हाच्या चमकेत दिसलं नाही. शेजारी बसलेल्या बाईच्या मांडीवर निळा डबा होता. ती रस्त्याकडे बघत नव्हती. मान खाली घालून कसला तरी कागद वाचत होती.

"कोणी नाही," एर्वे पुन्हा म्हणाला आणि पुढे गेला.

७

तिथे भिंतीखेरीज काही नव्हतं, असं एर्वे सांगतो. पोलिसांनीही तेच लिहिलंय. वाहन घसरून उजव्या बाजूने भिंतीवर आदळलं. दुसरं वाहन नाही. एर्वेला खरचटलंसुद्धा नाही. मायलिस लग्नाच्या पोशाखातच इस्पितळात आली, बापाच्या शर्टावरचं माझं रक्त बघितलं आणि त्याच्या गळ्यात पडली. वेळेबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. लग्न सोमवारी लागलं. म्हणजे ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला ते झालं, आणि मी त्यात समाधान मानायचा प्रयत्न करते.

माझा उजवा हात खांद्यापासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये आहे. बोटं हलतील की नाही, यावर डॉक्टर खिडकीबाहेर बघतात.

गुरुवारी बाराला पंधरा कमी असताना फाब्रेग आला. एर्वेला मला घरी न्यायचं होतं, त्यासाठी त्याने दुसरी गाडी मागवली होती, आणि फाब्रेग ती स्वतः घेऊन आला होता. त्याने माझ्याकडे नीट पाहिलंही नाही. चुकून परक्या घरात शिरलेल्या माणसासारखा दारापाशी उभा राहिला.

"आधी जुनी फाइल बंद करू, मादाम. परतीचा रकाना कोराच होता. ओढून आणल्यावर किलोमीटर मी भरले. तुमची सही तेवढी."

त्याच्याकडची मूळ प्रत होती. ४१,३०६. खाली रिकामी जागा.

"हात कुठेय हिला सही करायला?" एर्वे म्हणाला.

"डाव्याने चालेल."

मी डाव्या हातात पेन धरलं. पहिलं अक्षर भलंमोठं झालं, मला आवरेना, आणि बाकीची खाली घसरत गेली. असली सही मी आधी पाहिली होती. मग एर्वेला माझ्या पिशवीतून आमची प्रत काढायला सांगितली आणि दोन्ही शेजारी ठेवल्या.

कार्बन सरकला नव्हता. शनिवारी बाराला पाच कमी असताना, माझा उजवा हात धडधाकट असताना, ती सही तिथे होती. एर्वे त्या सीटवर कधी बसणारच नव्हता. मी त्याच्यासाठी घाबरले, भांडले, माझा जीव त्याच्या जागी ठेवला, आणि कागदाला ते सगळं आधीच ठाऊक होतं. मला रडू आलं, आणि ते रागाचं होतं.

"आता हा नवीन," फाब्रेग म्हणाला आणि दुसरा कागद माझ्या पांघरुणावर ठेवून एर्वेला पेन दिलं. "इथे, मस्यू. आज गुरुवार, आज मसूर आणि सॉसेज."

एर्वे वाकला. मी डावा हात त्या कागदावर पसरून ठेवला.

"खाली जा," मी म्हणाले. "आधी गाडीभोवती फेरी मार."

आयुष्यात पहिल्यांदा त्याने माझ्याशी वाद घातला नाही. मी पलंगावरूनच खिडकीतून बघत होते. खाली करडी गाडी उभी होती. तो तिच्याभोवती दोनदा फिरला, छपरं तपासावीत तसा वाकून वाकून, दारांवरून तळवा फिरवत. मग वर बघून त्याने दोन्ही हात पसरले आणि हसला. काही नाही. एक ओरखडाही नाही.

माझ्या बोटांच्या फटीतून कागदावरची एक फुली दिसत होती. ड्रायव्हरच्या दारावर.

"मादाम," फाब्रेग घड्याळाकडे बघत म्हणाला, "बारा वाजत आले."

मी हात उचलला नाही.